खिशात कुठलं मल्टी-टूल ठेवायचं? आधी पंधरा दिवस काहीच घेऊ नका

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा पूर्ण मजकूर. बोलताना अडखळलो ते आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, एवढंच काढलंय.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, कॉलेजच्या कट्ट्यावर असाल, एक कान इकडे द्या. आजचा विषय तुमच्यापैकीच एकाने दिलाय. त्याचा मेसेज जसाच्या तसा वाचतो. "दादा, रोज खिशात ठेवायला एखादं भारी मल्टी-टूल सांग ना. बजेट पाचशे."

मी हा मेसेज वाचला आणि आधी माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघितलं. का ते सांगतो.

तुम्हाला माहितीये की मी एकांकिकांना लाइट्स करतो. म्हणजे नोकरी वेगळी आहे, पण स्पर्धांचा सीझन आला की मी घरी नसतो. बॅकस्टेजला काय लागतं? सगळंच लागतं. केबल टाय कापायचे, प्लगचा स्क्रू आवळायचा, वायर सोलायची, चिकटपट्टीचं टोक सापडत नसतं ते शोधायचं. तर चार वर्षांपूर्वी मी रस्त्यावरच्या एका गाडीवरून मल्टी-टूल घेतलं. साडेचारशे रुपये. काळं, जाडजूड, पक्कड, पातं, करवत, कानस, ओपनर, सगळं मिळून पंधरा का सोळा अवजारं. खोक्यावर सैनिकाचं चित्र. मला केवढा आनंद झाला होता! पहिले दोन दिवस मी नुसता उघड-मीट करत बसलो होतो.

मग एका तालुक्याच्या गावी प्रयोग. दुसरी घंटा झालेली. विंगेतल्या प्लायवूडच्या फ्लॅटला एक लाइट बांधायचा होता आणि टाय ओवायला भोक नव्हतं. मित्र म्हणाला, "अरे, तुझ्याकडे ते टूल आहे ना?" आहे की! मी पातं उघडलं, टोक प्लायवर टेकवलं आणि जोर लावून फिरवायला लागलो. पातं मिटलं. माझ्या बोटावर.

दुखलं म्हणाल तर पहिल्यांदा फारसं नाही. नुसतं गरम वाटलं. मग बघितलं तर बोटाचं शेवटचं पेर वाकेना. मी मनातून वाकवतोय, बोट ऐकत नाहीये. ते फार विचित्र असतं, सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाल्या की बोट वाकवणारी जी दोरी असते आतून, टेंडन, ती कापली गेलीये. ऑपरेशन झालं, सहा आठवडे पट्टी, पुढे फिजिओथेरपी. आजही ते पेर निम्मंच वाकतं. फोन धरता येतो, टाइप करता येतं, पण लाइटच्या बोर्डवर एका वेळी चार फेडर ओढायचे तर ते बोट मागे राहतं. मी आता तीनच ओढतो.

त्या हॉलवर एक वायरमन काका होते. मला गाडीत बसवताना त्यांनी ते टूल उचललं, पातं आडवं हलवून बघितलं, मला विचारलं, "केवढ्याला घेतलं?" मी म्हटलं साडेचारशे. ते काहीच बोलले नाहीत. टूल माझ्या बॅगेत टाकलं आणि दार लावलं.

आता गंमत बघा. चूक टूलची होती की माझी? दोघांची. त्या पात्याला खटका होता, म्हणजे उघडल्यावर आत एक पट्टी अडकते आणि पातं मिटू देत नाही. पण ती पट्टी इतकी पातळ की जोर आल्यावर सरकली. आणि मी? भोक पाडायला पातं वापरलं. पातं कापायला असतं. टोचायला, भोक पाडायला आरी असते, चपला शिवणाऱ्यांकडे बघितली असेल तुम्ही. माझ्या सोळा अवजारांत आरी नव्हतीच. पण बाटलीचे ओपनर दोन होते.

तर तिथूनच सुरुवात करू. मल्टी-टूल घेताना सगळे विचारतात की त्यात किती अवजारं आहेत. मला वाटतं, आधी विचारायचं ते हे की तुम्हाला कुठली लागतात. आणि याचं उत्तर दुकानात मिळत नाही, यूट्यूबवरही मिळत नाही.

थोडं मागे जाऊ, कारण ही अवजारं जन्माला कशी आली हे बघितलं की मुद्दा लगेच कळतो.

लाल मुठीचा स्विस चाकू सगळ्यांनी बघितलाय, निदान सिनेमात तरी. त्याचं मूळ म्हणजे १८९० च्या सुमाराचा स्विस सैनिकांचा चाकू. त्या सैन्याला तेव्हा नवीन रायफल मिळाली होती आणि ती साफ करताना खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा. जेवण टिनच्या डब्यातलं, म्हणून डबा फोडायचं अवजार. एक पातं आणि एक आरी. बस, चार. कोणीतरी बसून विचार केला होता की सैनिक दिवसभर काय करतो. कार्ल एल्सनर नावाच्या स्विस कारागिराने १८९१ मध्ये सैन्याला हे चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये त्यातूनच हलका, जास्त अवजारांचा ऑफिसरचा चाकू काढला. त्याच्या आईचं नाव व्हिक्टोरिया. त्यावरून पुढे कंपनीचं नाव झालं व्हिक्टोरिनॉक्स. त्यातलं 'इनॉक्स' म्हणजे न गंजणारं पोलाद.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, आणि ही मला जास्त जवळची वाटते. १९७५ साली टिम लेदरमन नावाचा एक तरुण बायकोबरोबर युरोप फिरायला गेला. पैसे कमी. ३०० डॉलरला जुनी फियाट ६०० घेतली, ती सारखी बिघडायची. स्वस्तातल्या हॉटेलांमध्ये नळ गळायचे. त्याच्या खिशात स्काऊटचा चाकू होता, पण प्रत्येक वेळी नडायची ती पक्कड. नट पकडायला काही नाही, नळ फिरवायला काही नाही. त्याने वहीत लिहून ठेवलं: चाकूला पक्कड हवी. घरी आल्यावर त्याला वाटलं महिन्याभरात बनवू. नमुना तयार व्हायला तीन वर्षं लागली, तेव्हा घर बायकोच्या पगारावर चाललं. १९८० ला पेटंट मिळालं. आणि विकायला गेला तर चाकूवाल्या कंपन्या म्हणायच्या हे तर अवजार आहे, अवजारवाल्या म्हणायच्या हे कसलं अवजार, हे तर खेळणं. शेवटी १९८३ मध्ये एका मेल-ऑर्डर कंपनीने ५०० नग मागवले, आणि तिथून लेदरमन हे नाव सुरू झालं.

दोन्हीकडे बघा, आधी गरज लिहिली गेली, मग लोखंड कापलं गेलं. आपण उलटं करतो. आधी सोळा अवजारं विकत घेतो आणि मग घरभर स्क्रू शोधत फिरतो.

आणि हो, आपल्याकडे मल्टी-टूल नव्हतं असं समजू नका. किल्लीच्या कडीत अडकवलेलं नेलकटर आठवा! त्यात एक छोटं पातं, एक ओपनर, एक वाकडी कानस. माझ्या मामाने त्या पात्याने आयुष्यभर आंबे कापले. आणि टेस्टर! आपल्या घरात स्क्रू ड्रायव्हर असा नसतोच, टेस्टर असतो. लाइट आहे का बघायला टेस्टर, स्क्रू फिरवायला टेस्टर, रंगाचा डबा उघडायला टेस्टर. मग त्याचं टोक वाकतं आणि आपण म्हणतो टेस्टर चांगला नव्हता.

बरं. आता तुम्ही काय करायचं? पंधरा दिवस काहीही विकत घ्यायचं नाही. फोनमध्ये एक नोट उघडा. जेव्हा जेव्हा तुम्ही एखाद्या कामाला दात, नख, किल्ली, नाणं किंवा स्वयंपाकघरातली सुरी वापराल, तेव्हा तिथे एक ओळ लिहा. इतकंच. दाताने वायर सोलली, लिहा. दहाच्या नाण्याने स्क्रू फिरवला, लिहा. पार्सलची चिकटपट्टी किल्लीने फाडली, लिहा.

बोट बरं झाल्यावर मी हे केलं होतं. माझी यादी सांगतो. पंधरा दिवसांत पार्सल, पाकिटं, पिशव्या उघडणं अकरा वेळा. केबल टाय आणि दोरे कापणं सात वेळा. स्क्रू आवळणं सहा वेळा, त्यातले दोन आजोबांच्या चष्म्याचे. वायर सोलणं तीन. पक्कड लागेल असं काम चार वेळा, चारही वेळा बॅकस्टेजला. काटा काढणं एकदा. सिम कार्डचा ट्रे उघडायला पिन हवी होती, एकदा, आणि तेव्हा आम्ही आईच्या कानातल्याने उघडला. करवत? शून्य. बाटलीचं ओपनर? शून्य, आता कोणाच्या घरी तशी बुचाची बाटली येते?

ही यादी बघून मी चाट पडलो. माझ्या अर्ध्याहून जास्त कामांना कात्री पुरली असती. कात्री! आणि मी जे टूल घेतलं होतं त्यात कात्रीच नव्हती, कारण खोक्यावरच्या सैनिकाला कात्री शोभत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो, पटलं नाही तर मेसेजमध्ये भांडा. शहरात राहणाऱ्या, ऑफिस-कॉलेजला जाणाऱ्या माणसाला रोज खिशात ठेवायला कात्री असलेलं छोटं टूल सगळ्यात उपयोगी. ५८ मिलिमीटरचा जो व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक येतो, तो मिटल्यावर अंगठ्याएवढा असतो आणि वजन वीस-एकवीस ग्रॅम. त्यात कात्री, छोटं पातं, नखाची कानस आणि तिच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, टूथपिक. किल्लीच्या कडीत अडकवला की विसरून जाता. मुद्दा तोच आहे, विसरून जाता. त्याच्या उलट मोठं पक्कडवालं टूल घ्या. लेदरमनचं वेव्ह प्लस हे फार गाजलेलं मॉडेल, वजन २४१ ग्रॅम. तुमचा फोन हातात घ्या. बहुतेक फोन दोनशेच्या आसपास असतात. म्हणजे दुसऱ्या खिशात फोनपेक्षा जड लोखंड. पहिल्या आठवड्यात मिरवाल, दुसऱ्या आठवड्यात पँट खाली ओढली जाते म्हणून बॅगेत टाकाल, तिसऱ्या आठवड्यात ते घरी ड्रॉवरमध्ये. आणि पंखा लावताना स्टुलावर उभे असाल तेव्हा टेस्टरच हातात येणार.

पण तुमच्या यादीत पक्कड आली असेल तर? म्हणजे तुम्ही बाइकवर लांब जात असाल, वायरमनचं काम करत असाल, माझ्यासारखे बॅकस्टेजला असाल, शेतावर ठिबकच्या नळ्या जोडत असाल, तर पक्कड हवीच. तिला छोटा चाकू पर्याय नाही. मग मधलं बघा. लेदरमनचं स्केलेटूल १४२ ग्रॅमचं आहे, त्यात मोजून सात अवजारं. पक्कड, वायर कटर, पातं, बिट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, अशी नेमकी. पण कात्री नाही, हे लक्षात ठेवा. व्हिक्टोरिनॉक्सचं स्पिरिट दोनशेच्या थोडं वर जातं, पण त्याच्या कात्रीसारखी कात्री मी दुसऱ्या पक्कडवाल्या टूलमध्ये वापरलेली नाही. ही मोठी टूल्स पाच आकडी किमतीत जातात, हे मला माहितीये. म्हणूनच म्हणतो, यादीत नसेल तर घेऊ नका. आणि यादीत असेल पण पैसे नसतील, तर हार्डवेअरच्या दुकानातून एक साधी चांगली पक्कड आणि एक दोन्ही बाजूंचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, बॅगेत ठेवा. मी दोन वर्षं तेच केलं. लाज वाटायचं काही कारण नाही.

आता समजा दुकानात उभे आहात, टूल हातात आहे. काय बघायचं?

पक्कड पूर्ण मिटवा आणि उजेडाकडे धरा. टोकं एकमेकांना बरोबर टेकली पाहिजेत. टोकाशी फट दिसली तर बारीक तार कधीच धरली जाणार नाही. टोकं एकमेकांवरून सरकली असतील, तर ती पहिल्या जोराला आणखी सरकतील. मग पातं उघडा आणि आडवं हलवून बघा, काकांनी हलवलं तसं. लटलट करत असेल तर ठेवून द्या. मग खटका. खटका असेल तर पातं उघडून, बोटं लांब ठेवून, पात्याची बोथट बाजू टेबलावर हलकेच दाबा. सरकतोय असं वाटलं तर दुसरं बोलूच नका. दुकानदार नाराज होईल, होऊ दे. एक उघडायला गेलं की तिघं बाहेर येतात, असं काही टूल्समध्ये होतं, तेही बघा. आणि घामेजल्या हाताने उघडता येतं का, नखं कापलेली असताना उघडता येतं का. दुकानात एसी असतो हो, मे महिन्यात विंगेत नसतो.

खटक्याबद्दल एक गोंधळ होतो तो मिटवतो. मी मघाशी क्लासिकचं कौतुक केलं, त्याच्या पात्याला खटका नाही. आत एक स्प्रिंग असते, ती पातं उघडं धरते, पण उलटा जोर आला की ते मिटतं. मग तो धोकादायक नाही का? पात्याला फक्त पुढच्या धारेवर काम दिलंत, म्हणजे नुसतं कापलंत, तर नाही. शंभर वर्षं लोक तसेच चाकू वापरतायत. टोक खुपसणार असाल, पिळणार असाल, तर खटका नसलेलं पातं वापरायचं नाही. भोक पाडायचं काम यादीत असेल तर आरी असलेला चाकू घ्या, ९१ मिलिमीटरच्या बऱ्याच स्विस चाकूंमध्ये मागच्या बाजूला असते. तिलाही खटका नसतो, तीही बेताने वापरायची. आणि आपले जे मित्र शिकायला इंग्लंडला गेलेत ना, त्यांच्यासाठी खास. तिथे तीन इंचांपर्यंतचं, मिटणारं, बिनखटक्याचं पातं जवळ ठेवता येतं. खटक्याचं पातं सबळ कारणाशिवाय बाहेर घेऊन फिरणं गुन्हा आहे. म्हणजे इथे मी ज्या खटक्याचं गुणगान करतोय, तोच तिथे गोत्यात आणेल.

पोलादाचं थोडक्यात सांगतो. खोक्यावर नुसतं 'स्टेनलेस स्टील' लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही, आपल्या घरातला चमचाही स्टेनलेसच असतो. नामांकित टूल्समध्ये चारशे वीस एचसीसारखं नाव असतं. फार भारी पोलादाच्या मागे लागू नका. मऊसर पोलादाची धार लवकर जाते, पण ती दगडावर दोन मिनिटांत परत येते. रोजच्या वापराला तेच बरं.

बरं, भारतात हे जवळ ठेवायचं म्हणजे पोलिसांचं काय, हा प्रश्न दर वेळी येतो. मी वकील नाही, पण जे माहितीये ते सांगतो. केंद्राच्या शस्त्र नियमांमध्ये धारदार हत्यारांचा जो गट आहे तो नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा, आणि त्यातूनही घरगुती आणि शेतीची अवजारं वगळलीत. आपलं टूल त्याच्या जवळपासही जात नाही. पण महाराष्ट्रात सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, पेपरात तुम्ही वाचले असतील. त्यात सुरे वगैरे जवळ बाळगायला बंदी असते. तेव्हा शिपायाशी "अहो, हे मल्टी-टूल आहे, चाकू नाही" असा वाद घालण्यात राम नाही. त्या दिवसांत घरी ठेवा. मिरवणूक, स्टेडियम, कोर्ट, परीक्षा केंद्र, मेट्रो, या ठिकाणी जाताना ठेवूच नका. विमानाच्या केबिनमध्ये चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत चालतो.

हे शेवटचं मी पैसे मोजून शिकलो. पहिला क्लासिक किल्लीच्या कडीत होता आणि मी विसरलो होतो, मघाशी कौतुक केलं तसंच विसरलो होतो. सिक्युरिटीच्या माणसाने ट्रेमधून किल्ल्या उचलल्या, माझ्याकडे बघितलं. बॅग केव्हाच पुढे गेली होती, सोडायला आलेला मित्र निघून गेला होता. डब्यात टाकला. आता प्रवासाच्या आदल्या रात्री फोनला अलार्म लावलाय: "किल्ली बघ."

लेदरमनचं स्टाइल पीएस नावाचं एक छोटं टूल आहे, पक्कड आणि कात्रीवालं, त्यात मुद्दामच पातं ठेवलेलं नाही. खुद्द व्हिक्टोरिनॉक्सनेही २०२४ मध्ये सांगितलं की जगभर चाकूंचे नियम कडक होतायत म्हणून बिनपात्याच्या टूलवर काम चालू आहे. मला वाटतं आपल्याकडच्या शहरांसाठी पुढे तेच बरं पडेल. कात्री आहे, पक्कड आहे, पाकीट उघडायला पातं कशाला?

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. मल्टी-टूलच्या पकडीची मूठ उघड्या लोखंडाची असते. इलेक्ट्रिशियनच्या पकडीवर जसं जाड आवरण असतं तसं त्यावर नसतं. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. बटण बंद केलं म्हणजे वायर मेली असं नाही, कित्येक घरांत वायरिंग उलटं असतं आणि बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट असतो. मेन स्विच पाडा, मग टेस्टर लावून बघा, मगच हात घाला. आणि फोन उघडायला मल्टी-टूल वापरू नका. आयफोनच्या तळाला पाच पाकळ्यांचे स्क्रू असतात, त्याला ते बिट बसतच नाही. बाकीचे फोन बहुतेक डिंकाने चिकटवलेले. आत पातं घालून उचकटलंत आणि बॅटरीला लागलं तर फोन गेला, शिवाय आग. सिमचा ट्रे उघडा, फार तर.

निगा सोपी आहे. पावसाळ्यात, आणि कोकणात-गोव्यात तर बाराही महिने, स्टेनलेसलाही तांबूस ठिपके येतात. आंबा, लिंबू कापलं की लगेच धुवा. कोमट पाण्यात उघड-मीट करून कोरडं करा आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. खोबरेल घालू नका, थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरून चिकट होतं. मी घातलं होतं, म्हणून सांगतो.

आणि खरेदी शक्यतो अधिकृत विक्रेत्याकडून, बिल जपून ठेवा. लेदरमन २५ वर्षांची हमी देतं, व्हिक्टोरिनॉक्स बनावटीतल्या दोषांसाठी आयुष्यभराची. पण ती खऱ्या मालाला. हुबेहूब दिसणारा नकली माल ऑनलाइन भरपूर आहे. निम्म्या किमतीत नवं कोरं मिळतंय असं दिसलं की समजून घ्या.

तर मेसेज करणाऱ्या मित्रा, पाचशेत मी तुला मल्टी-टूल सांगणार नाही. पाचशेत चांगली छोटी कात्री, चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि एक नेलकटर येतं, ते घे. तेवढ्यात तुझे पंधरा दिवस लिहून होतील. ती यादी मला पाठव, सगळ्यांनीच पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही वाचून दाखवीन, नाव नको असेल तर तसं लिहा.

आता माझ्याकडे काय आहे? बॅकस्टेजच्या बॅगेत एक सेकंडहँड स्पिरिट, हप्त्याने घेतलेलं, मित्राकडून. आणि किल्लीच्या कडीत क्लासिक असायला हवा. पण आत्ता बघतोय तर कडी रिकामी आहे. गेल्या महिन्यात आईने साडीच्या फॉलचा दोरा कापायला मागितला, मग दुधाच्या पिशवीला, मग औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाला. परवा मागायला गेलो तर म्हणाली, "तुला कशाला लागतो रे? तू दुसरा घे." तिने पंधरा दिवस काही लिहिलं नव्हतं. चला, मी निघतो, दुकान आठला बंद होतं. भेटू पुढच्या भागात.